फळत्या झाडाला करवत

वरंध, बौद्धवाडी
२० फेब्रुवारी १९८३

ति. आईंना चंद्रभागेचा जयभीम.

तुम्ही मुंबईला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन होऊन चष्मा मिळेपर्यंत तिकडेच राहायचं ठरलं, हे बरं झालं. इथे चुलीच्या धुरात मोतीबिंदूला आराम कुठला पडणार? घराची काळजी करू नका. पत्र तुमचे चिरंजीव वाचून दाखवतील. त्यांना माझं सांगणं की गोदीतून दमून आलात तरी सावकाश वाचा, आईंना नीट कळू द्या.

परसातल्या पेरूंबद्दल विचारायचं आहे. यंदाचे शेवटचे पेरू उतरले, ते सुपारीएवढे. जे जरा बरे होते ते पार शेंड्याला, आणि तिथे माझ्याआधी वानरं आणि वटवाघळं पोचली. खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, हात लावला की काडकन मोडतात. भर दुपारीसुद्धा झाडांखाली काळोख असतो. महाडच्या बाजारात पाटी घेऊन बसले तर बायका एक पेरू उचलतात, दाबून बघतात आणि परत ठेवतात.

माझ्या भावाने, मुरारीने, माहेरी सव गावाला दोन वर्षांमागे अशीच जुनी झाडं छाटली. छातीच्या उंचीवर सगळ्या जाड फांद्या करवतीने काढल्या. मला वाटलं वेडा झाला. पण पेरू जुन्या लाकडावर धरत नाही, नव्या फुटीवर धरतो. गेल्या थंडीत त्याच्याकडे मुठीत मावणार नाहीत असे पेरू मी स्वतः तोडले आहेत.

फळत्या झाडाला लोखंड लावू नये असं तुम्ही म्हणता, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर विचारते. झाडं तुमची, डोक्यावरून हंडे वाहून तुम्ही ती जगवलीत. तुम्ही नाही म्हणालात तर करवत घरात येणार नाही. पण छाटायचं असेल तर होळीच्या सुमारास छाटावं लागेल, म्हणून लवकर कळवा.

तुमची
चंद्रभागा

■

शिवडी, मुंबई
२ मार्च १९८३

चंद्रभागेस काशीरामचा जयभीम.

आई सांगते ते लिहीत आहे :

तुझे पत्र मिळाले, मजकूर समजला. झाडे जुनी झाली आहेत हे खरे आहे. तुझ्या भावास या कामाचा अनुभव आहे, तरी त्याच्या सल्ल्याने योग्य वाटेल तसे करावे. माझी हरकत नाही. पण विहिरीकडच्या झाडाला हात लावू नको गो. ते माझ्या रखमाच्या हातचं हाय. नदीवरून रोप उपटून आणलंन पोरीनं, परकराच्या ओच्यात माती घालून. त्याच पावसात तापानं गेली. पोर गेली, झाड ऱ्हायलं. त्याला कोयता दाखवायचा पण नाय.

आईचे एवढेच. माझी प्रकृती ठीक. इस्पितळात नंबर लागला आहे, पुढल्या महिन्यात ऑपरेशन होईल.

काशीराम

■

वरंध
२९ मार्च १९८३

ति. आईंना जयभीम.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. तुम्ही इतक्या सहज होय म्हणाल असं वाटलं नव्हतं. मी तर दोन शिव्या ऐकायच्या तयारीत होते.

मुरारी सवहून करवत घेऊन आला. दोघांनी मिळून काम केलं. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. काप सगळे तिरके घेतले म्हणजे पाणी साचणार नाही. मोरचूद आणि चुना कालवून प्रत्येक कापावर लेप दिला. उघड्या पडलेल्या खोडांना ऊन लागून साल तडकू नये म्हणून पेंढा गुंडाळला आहे. आळी केली, शेणखत घातलं, विहिरीचं पाणी चालू आहे.

खोटं कशाला सांगू, काम झाल्यावर परसाकडे बघवेना. आधी हिरवी भिंत होती, आता नुसते खुंट, निळसर लेप दिलेले. वाडीतल्या बायका येऊन उभ्या राहतात नि जातात. शेजारचा धोंडू म्हणाला, “वहिनी, चुलीला लाकडं नव्हती तर आमच्याकडं मागायची होतीस.” मी म्हटलं, “आईंनी सांगितलंय.” तेव्हा आपल्या वाटेने गेला.

रखमाताईंच्या झाडाला काही केलेलं नाही. मुरारीने विचारलं, “ते का सोडायचं?” मी म्हटलं, “ते सोडायचंच आहे.”

तुमची
चंद्रभागा

■

शिवडी
२६ एप्रिल १९८३

चंद्रभागेस,

आईच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन पार पडले. पट्टी आहे. वाकायचे नाही, रडायचे नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. डावा डोळा पावसाळ्यानंतर करतील, तोवर आई इथेच. आई सांगते :

उन्हाळ्यात पाणी तोडू नको. गुरं आत शिरू देऊ नको. मधल्या झाडावर कावळ्यानं यंदा घरटं केलंन काय गो? दरसाल करतो. पोरांना दगड मारू देऊ नको.

बाकी ठीक. घाई आहे.

काशीराम

■

वरंध
७ ऑगस्ट १९८३

यांस चंद्रभागेचा जयभीम.

लावणी उरकली म्हणून आता लिहायला बसले. हे पत्र मुद्दाम गोदीच्या पत्त्यावर पाठवते आहे, खोलीवर नाही. आधी तुम्ही एकट्याने वाचा.

मधल्या झाडावर कावळ्याचं घरटं कुठून असेल? त्या झाडाचा माझ्या छातीएवढा खुंट राहिला आहे. मी मार्चमध्ये सगळं लिहिलं होतं. ते आईंना वाचून दाखवलंत ना? की डोळ्यामुळे त्यांना सगळ्याचाच विसर पडतो आहे? मला नीट कळवा.

झाडांचं म्हणाल तर आता बघायला या. पेंढ्याच्या आतून लाल कोंब आले, एकेका खुंटाला मूठभर. मुरारी म्हणाला, सगळे ठेवलेस तर परत जंगल होईल. बाहेरच्या अंगाला तोंड केलेले चार-पाच ठेवले, बाकी हाताने खुडून टाकले. खुडताना जिवावर आलं. इतके दिवस वाट बघितलेले कोंब ते. ठेवलेले हातभर वाढल्यावर त्यांचेही शेंडे मोडले, तेव्हा त्यांना बाजूने फूट आली. आता पानं तळहाताएवढी आहेत आणि दोन झाडांवर कळी दिसते आहे.

रखमाताईंच्या झाडाचं मात्र बरं नाही. बुंध्याला भोक आहे, त्यातून भुसा पडतो. खोडकिडा आहे. तार घालून उकरलं, रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखल लावला. पण एक मोठी फांदी आधीच वाळली आहे. ती कापायला हवी. आईंना विचारल्याशिवाय मी कापणार नाही. विचारा, आणि त्या काय म्हणतात तेच लिहा.

चंद्रभागा

■

शिवडी
१८ सप्टेंबर १९८३

चंद्रभागाबाईंना जयभीम.

मी जानकीबाई, मूळची पाचाडची. तुमच्या सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत राहते. तुमचे यजमान पाळीला गेले असताना सासूबाईंनी मला हे लिहायला बसवलं आहे. त्या बोलतील तसं लिहिते. शब्द त्यांचे आहेत, माझ्यावर राग नसावा.

चंद्रे, काल धोंडू आलावता. चा पिता पिता बोलला, “काकी, परस लई मोकळं झालं तुमचं.” मी बोलले कसलं मोकळं? तेव्हा सगळं सांगतलंन. माझी झाडां तू कापलीस. काशाकडून मी तुला सांगून धाडलं होतं की माझ्या जिवात जीव हाय तोवर झाडाला लोखंड लागता नये. तरी कापलीस. आंधळी झाली म्हातारी, तिला काय दिसतंय, असंच ना? आणि वर लोकांना सांगतेस आईनी सांगितलंय? मी सांगितलं? माहेरची अक्कल माझ्या परसात चालवायची नव्हती.

काशाला विचारलं तर तो भिंतीकडं तोंड करून झोपला. बायकोला काय बोलणार तो.

डावा डोळा झाला की मी घरी येणार. मी येईन तेव्हा तू त्या घरात दिसू नको. सवला जा, तुझ्या भावाची झाडां राख.

सांगणार : सुंदराबाई
लिहिणार : जानकीबाई

■

वरंध
२७ सप्टेंबर १९८३

जानकीबाईंना जयभीम. लिहिलंत त्याबद्दल राग नाही, उलट उपकार झाले. हे पत्र आईंना तुम्हीच वाचून दाखवा, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

आई, तुम्ही नको म्हणाला होतात हे मला तुमच्या या पत्राने कळलं. मला आलेल्या पत्रात “माझी हरकत नाही” असं होतं. ते कुणी लिहिलं हे तुम्हालाही कळेल, मलाही कळलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. “तरी त्याच्या सल्ल्याने योग्य वाटेल तसे करावे” असं तुम्ही जन्मात कधी बोलला नाहीत.

मला तुमच्याशी भांडायचं असतं तर मी तोंडावर भांडले असते. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी पुढल्या साली परत विचारलं असतं, त्याच्या पुढल्या साली परत. पण चोरून करवत लावली नसती.

सवला जा म्हणालात. मी आत्ता जाणार नाही. झाडांवर फळ धरलं आहे आणि आत्ता पाणी-खत सोडलं तर तुमची झाडं खरोखरीच जातील. तुम्ही या, डोळ्यांनी बघा. बघून जा म्हणालात तर त्याच दिवशी ट्रंक उचलीन.

चंद्रभागा

■

शिवडी
९ ऑक्टोबर १९८३

चंद्रभागेस,

तुझ्या पत्रापासून आई माझ्याशी बोलत नाही. जेवण जानकीबाईंकडे जेवते. तूही मला वेगळे पत्र लिहिले नाहीस.

मी काय करायला पाहिजे होते ते तू सांग. तू लिहितेस, झाडे मरायला टेकली आहेत. आई म्हणते, हात लावायचा नाही. तू ऐकणारी नाहीस, आई ऐकणारी नाही. ऑपरेशन तोंडावर आलेले, डॉक्टर सांगतात रडू देऊ नका. मी म्हटले, आईला दिसायला लागेपर्यंत झाडे फळतील, मग कोण कशाला विचारतो. रखमाच्या झाडाचे मी बदलले नाही. ते लिहिताना ती रडत होती, तिथे मला पुढे काही सुचले नाही.

तुझे मार्चचे पत्र मी वाचून दाखवले नाही, ऑगस्टचेही नाही. वाळलेल्या फांदीचे विचारले नाही.

डाव्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.

काशीराम

■

वरंध
१७ जानेवारी १९८४

यांस,

आई परवा पोचल्या. तुम्ही महाडपर्यंत सोबत द्यायला हवी होती. धोंडूच्या भरवशावर पाठवलंत. येणार हेही मला धोंडूच्या बायकोकडून कळलं. मी ट्रंक भरून ओटीवर ठेवली होती.

एस.टी.तून उतरल्या त्या जाड भिंगांचा चष्मा लावून. चालताना पाय उचलून टाकतात, जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणाल्या. मी हात धरायला गेले तर झिडकारला. घरात आल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. थेट परसात.

पहिल्या झाडाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. झाड आता त्यांच्या डोक्याच्या थोडं वर आहे, छत्रीसारखं पसरलेलं, आतपर्यंत ऊन जातं. पेरू कमरेपासून वर लागले आहेत, फांद्यांना टेकू द्यावे लागले. त्यांनी एक पेरू चाचपला, तोडला नाही. मग खाली हात घालून खुंटावरची कापाची जागा शोधली. साल वळून आली आहे, मधे वाळलेलं लाकूड. त्यावर बोट फिरवत राहिल्या.

म्हणाल्या, “ही माझी झाडां नाय वाटत.”

मी म्हटलं, “तुमचीच आहेत.”

“माझी उंच होती.”

खरंच होती.

मग विहिरीकडे गेल्या. ते झाड तुम्ही बघितलं नाहीत. अर्धं वाळलं आहे. टोकाला चार पानं आणि वटवाघळांनी कोरलेले दोन पेरू. आईंनी बुंध्याला हात लावला तर मूठभर भुसा हातात आला. खाली बसल्या. मी दूर उभी राहिले. खूप वेळाने हाक मारली, “चंद्रे.”

गेले.

“हिला का अशी ठेवलीस?”

“तुम्हीच सांगितलं होतंत, हात लावायचा नाही.”

“मी सांगितलं व्हय?” मग चष्मा काढून पदराने पुसला. “व्हय. तेवढं मी सांगितलंवतं. तेवढं खरं लिवलंन तर.”

“वाळलेल्या फांदीचं विचारलं होतं मी, ऑगस्टमध्ये. उत्तर आलं नाही.”

“माझ्यापर्यंत आलंच नाय तर उत्तर कसलं येईल?”

मी त्यांना उठवलं. या वेळी हात झिडकारला नाही. ओटीवर ट्रंक दिसली तेव्हा म्हणाल्या, “ही इथं कोणी ठेवली? आत घे, वाटेत येते, मला अजून नीट दिसत नाय.” रात्री भाकरी खाल्ली. पेरूचं नाव नाही, माझ्या जाण्याचं नाव नाही.

आज सकाळी विचारलं, “तुझ्या भावाची करवत हाय काय इथं?” मी म्हटलं, आहे, पण पुरी छाटणी आत्ता नको, होळीला करू, आत्ता फक्त वाळलेली फांदी काढू. “जगेल काय?” म्हणाल्या. मी म्हटलं, “सांगता येत नाही. गेल्या साली छाटलं असतं तर बहुतेक जगलं असतं.” हे बोलायला नको होतं, पण विचारलं तर खोटं सांगणार नाही असं मी ठरवलं आहे. त्या म्हणाल्या, “करवत मला धरू दे.” करवतीच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. फांदी खाली येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

आता तुमच्याबद्दल. माझ्या बाजूने केलंत असं तुम्हाला वाटतं. झाडं वाचली हे खरं आहे. पण त्या बाईच्या मनात मी चोर ठरले, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात. मी आईंशी भांडून होकार मिळवला असता, नाहीतर हरले असते. ते भांडण माझं होतं. पुढल्या वेळी ते मला भांडू द्या.

पेरूंची एक पेटी धोंडूबरोबर पाठवते. जानकीबाईंना आधी द्या.

चंद्रभागा

■

वरंध
२२ जुलै १९८४

काशीरामास आईचा आशीर्वाद.

आई ओटीवर बसून सांगताहेत, मी चंद्रभागा लिहिते आहे. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही असं मला आधी कबूल करायला लावलं आहे.

काशा, तुझी पत्रां आली. प्रकृती बरी हाय, चष्म्यानं तांदूळ निवडता येतात. तू विचारतोस रखमाचं झाड कसं हाय. होळीला आम्ही तिघांनी छाटलं, मी, चंद्रा नि मुरारी. बाकीच्या झाडांसारखंच केलं. लेप दिला, पेंढा बांधला, मी सोता पाणी घातलं. रोज पेंढा सारून बघायची. वैशाख गेला, पाऊस लागला, कोंब नाय आला. मिरगानंतर चंद्रानं सालीला नख लावलं तर आत हिरवं नव्हतं. ती मला सांगायला घाबरत होती. (घाबरत नव्हते. जेवण होईपर्यंत थांबले होते. – चं.) मला कळलं होतं.

खुंट उपटून काढला. मुळं पार आतून खाल्ली होती किड्यानं. लाकूड चुलीत नाय घातलं, नदीला नेऊन सोडलं, जिथून पोरीनं आणलंन होतं तिकडं. मी रडले. आता डोळ्याला रडायची बंदी नाय.

ती बारा वर्सांची होती. झाड तिच्या दुपटीपेक्षा जास्त जगलं. मी कुणाला हात लावू दिला नसता, गेल्या साली पण नाय, हे मी चंद्राला सांगितलं. तू खरं लिवलं असतंस तर मी नायच बोलले असते आणि सगळीच झाडां तशी गेली असती. हे पण मी तिला सांगितलं. म्हणून तू बरोबर केलंस असं समजू नको. तू मला विचारलंस नाय. माझ्या तोंडात माझं नसलेलं बोलणं घातलंस. डोळे गेले होते, जीभ गेली नव्हती.

(मी इथे म्हटलं, “आई, पुरे, त्यांना वाईट वाटेल.” आई म्हणाल्या, “तू लिही.”)

विहिरीकडची जागा रिकामी ठेवलीय. मुरारी कलम देतो बोलला. मी बोलले पुढच्या पावसात बघू. परसातली झाडां परत फुटलीत. या खेपेला शेंडे मी खुडते, ती उभं राहून सांगते कुठला ठेवायचा नि कुठला काढायचा. सारखी चुका काढते. मी पण तिच्या काढते.

गणपतीची रजा मिळते ना तुला, तेव्हा ये. तोंडावर ये. काय बोलायचं ते मी समोर बोलीन, मग जेवायला वाढीन.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी पत्र आईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि वाडीतल्या हैबतीच्या सुनेकडे वाचून घ्यायला म्हणून छत्री घेऊन निघाल्या. दारापर्यंत गेल्या, पाऊस बघितला, आणि परत येऊन पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. चिकटव.”

चिकटवते.

सांगणार : सुंदराबाई
लिहिणार : चंद्रभागा